रानड्यांचं पुस्तक ‘कायदा’च्या कपाटात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१६ जानेवारीला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची पुण्यतिथी आणि लगेच १८ ला जयंती, त्यामुळे दरवर्षी त्या आठवड्यात आपल्या पेपरात एक छोटी चौकट येतेच येते. यंदाही आली. प्रार्थना समाज, विधवा विवाह, सार्वजनिक सभा, हुजूरपागा शाळा, रमाबाईंचे पती. चुकीचं त्यात काही नव्हतं, पण मी कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मला ती वाचून दरवर्षी वाटतं की अहो हा माणूस जन्मभर जज्ज होता आणि जाता जाता त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्याचं एक वाक्य तरी टाका की कुणीतरी. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला भाग कापू नका.

आधी यंदा काय झालं ते सांगतो. आमच्याच भागातल्या एका शाळेत जयंतीचा कार्यक्रम होता, नाव घेत नाही, मुलं गुणी आहेत आणि बाईंनी बिचाऱ्यांनी हौसेनं केलेलं सगळं. मला निवृत्त कोर्टवाला म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला की न्यायमूर्ती रानड्यांनी राघोबादादाला तोंडावर सांगितलं, नारायणरावाच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरी शिक्षा नाही! टाळ्या. मी पण वाजवल्या, काय करणार. आता नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा, ते बोल रामशास्त्री प्रभुण्यांचे आणि रानडे जन्मले १८४२ साली निफाडला. मागून बाईंना हळूच विचारलं तर म्हणाल्या सर व्हॉट्सॲपवर आलेलं, ‘थोर न्यायाधीश’ म्हणून. म्हणजे एक थोर न्यायाधीश गेला की दुसरा चालतो, रा वरून नाव आहे ना, बास.

घरी आलो तो ठरवूनच की रानड्यांचं मूळ पुस्तक, ‘मराठा सत्तेचा उदय’, काढायचं. आमच्या लायब्ररीत ‘इतिहास’च्या कपाटात शोधलं, नाही. चरित्रांत नाही. शेवटी लायब्ररीवाल्या बाईंनी रजिस्टर काढलं तर पुस्तक होतं, पण ‘कायदा’च्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, एका बाजूला मुंडकार (म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारा) कायद्याचं पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला भाडेकरू कायदा. का तर कव्हरवर लेखकाच्या नावाआधी ‘न्या.’ लिहिलंय! मराठी भाषांतर आहे ते, मूळ पुस्तक इंग्रजी. आपल्याकडच्या पावसात पुस्तकांचं जे होतं ते त्याचंही झालेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, मधे दोन ठिकाणी वाळवीने नक्षी काढलेली, आणि मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९८ चा. म्हणजे पंचवीस वर्षांवर ते पुस्तक कुणी हातात धरलेलं नाही. नेलकटरच्या पात्याने एकेक पान सोडवत वाचलं, आठ दिवस लागले.

आणि गंमत सांगू, वाचल्यावर मला वाटलं की त्या रजिस्टर लिहिणाऱ्याने नकळत बरोबरच कपाट निवडलं. ते पुस्तक इतिहासाचं आहेच पण ते लिहिलंय जज्जाने, आणि ते पानोपानी कळतं.

कसं ते सांगतो. मराठ्यांचा पहिला मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला ग्रँट डफने, तीन खंड, १८२६ साली. हा साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता, दप्तर त्याला बघायला मिळालं, मेहनत त्याने खूप घेतली, ते कुणी नाकारत नाही. पण त्याचा सूर असा की सह्याद्रीतलं वाळलेलं गवत जसं अचानक पेटतं तशी ही मराठ्यांची सत्ता उठली, मुळात लुटारू वृत्ती, संधी मिळाली आणि भडकली. एकदा हे छापून आलं की पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं शाळा-कॉलेजात तेच. मधे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांसारख्यांनी त्यावर टीका केली होती, कॉलेजात शिकत असतानाच, पण अख्खा निकाल फिरवणारं कुणी लिहिलं नव्हतं.

कोर्टातला माणूस हे असं बघतो. खालच्या कोर्टाने साक्षी-पुरावे घेतले, कागद दाखल करून घेतले, रेकॉर्ड तयार केलं, आणि निकाल चुकीचा दिला. मग अपील होतं. अपिलात काय होतं, तर बहुतेक वेळा नवीन साक्षीदार येत नाहीत, तेच रेकॉर्ड समोर असतं आणि वरचा जज्ज म्हणतो की या पुराव्यातून हा निष्कर्ष निघत नाही. रानड्यांनी नेमकं हे केलंय. बखरी ग्रँट डफकडे पण होत्या आणि यांच्याकडे पण. रानडे डफला शिव्या देत नाहीत, त्याचं जे घ्यायचं ते घेतात आणि मग म्हणतात, बाबा रे, वणवा लागून गेला की मागे राख राहते, इथे तर दीडशे वर्षं राज्य टिकलं, एकामागून एक माणसं निघत गेली, औरंगजेब स्वतः दक्षिणेत येऊन बसला, राजा पकडून मारला, दुसरा जिंजीला जाऊन राहिला तरी हे लोक संपले नाहीत, हे वणव्याचं लक्षण आहे का? (शब्द माझे, मुद्दा त्यांचा.)

१९०० साली हे पुस्तक आलं, मुंबईत. पण अपिलाची नोटीस त्यांनी कॉलेजात असतानाच दिली होती. त्यांचे चरित्रकार सांगतात की एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांचं राज्य इंग्रजी राज्यापेक्षा बरं होतं अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट, त्यांनी बोलावून समज दिली आणि सहा महिने स्कॉलरशिप बंद केली. ज्यांच्या पैशावर शिकतोस त्यांनाच नावं ठेवतोस काय असं. आता हा ग्रँट वेगळा आणि तो ग्रँट डफ वेगळा, पण आडनावाचा योग बघा. स्कॉलरशिप गेली तेव्हा वय वीसच्या आसपास आणि पुस्तक आलं तेव्हा अठ्ठावन्न. मधली जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस सरकारी नोकरीत फायली बघत होता आणि डोक्यात केस चालू होती.

नोकरीबद्दल सांगतो, कारण चौकटीत ते कधीच येत नाही. मुंबई युनिव्हर्सिटीच्या अगदी पहिल्या मॅट्रिकच्या बॅचचा हा मुलगा, १८६२ ला बीए, १८६४ ला एमए, १८६६ ला एलएलबी. मधे अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, मग एल्फिन्स्टनला इंग्रजी आणि इतिहास शिकवायला. १८७१ ला पुण्याला फर्स्ट क्लास सबजज्ज. पुण्यात असताना सार्वजनिक सभेचं सगळं काम यांच्या डोक्यातून चालायचं आणि सरकारला ते माहीत होतं, म्हणून आधी नाशिक आणि मग १८७९ ला धुळ्याला ट्रान्सफर. ते वर्ष वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचं, त्यात मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळला, विश्रामबागवाड्याला आग लागली, आणि संशय कुणावर, तर सबजज्ज रानड्यांवर पण! धुळ्याला त्यांची पत्रं फोडून वाचत असत. बंडवाल्यांच्या नावाने मुद्दाम पत्रं पाठवायचे आणि हा माणूस ती गुपचूप पोलिसात देऊन टाकायचा, रमाबाईंनी लिहिलंय ते. विचार करा, दिवसभर ज्या सरकारच्या नावाने निकाल लिहायचा तेच सरकार संध्याकाळी तुमचं टपाल उघडतंय. मी असतो तर सुट्टी टाकून घरी बसलो असतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा भाग, आणि हाच तो मधला भाग जो कापू नका म्हटलं.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजाराच्या गावात शेतकरी उठले, सावकारांच्या घरात घुसले आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. लूट हा मुख्य हेतू नव्हता, कागद जाळायचे होते. लोण नगर जिल्ह्यात गेलं. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, पुणे सातारा सोलापूर आणि अहमदनगर अशा चार जिल्ह्यांसाठी. या कायद्यात एक फार मोठी गोष्ट होती. एरवी सावकार कोर्टात रोखा टाकतो, खाली अंगठा आहे, रक्कम लिहिली आहे, झालं, हुकूमनामा. नवीन कायद्याने जज्जाला सांगितलं की रोख्याच्या मागे जा. पहिलं मुद्दल किती दिलं, कधी दिलं, व्याज किती, किती वेळा जुना रोखा फाडून नवा केला, व्याजाचं मुद्दल कितीदा झालं, मधे धान्य किती घातलं, सगळा हिशेब पहिल्यापासून मांडा आणि मग बघा की खरं देणं किती उरतं. रानड्यांनी या कायद्याखाली १८८१ पासून डॉ. पोलन नावाच्या स्पेशल जज्जाचे असिस्टंट म्हणून काम केलं आणि १८८७ ला ते स्वतः स्पेशल जज्ज झाले. म्हणजे फिरतीचं काम, तालुक्यातालुक्याला जाऊन खालच्या कोर्टांचे निकाल तपासायचे.

आम्हा गोवेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या घरात माझी आजी सांगायची की तिच्या सासऱ्याने भाटकाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, एका वर्षी खंडीभर भात उसनं घेतलं होतं आणि ते तीन पिढ्या फिटत होतं, दरवर्षी फेडायचं आणि दरवर्षी तेवढंच उरायचं, का ते कुणालाच कळायचं नाही कारण वही भाटकाराच्या घरी आणि अक्षर पण त्याचंच. मी नोकरीला लागलो तेव्हा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या, जुन्या केसेसमध्ये पोर्तुगीज कागद यायचे, एक म्हातारे सहकारी होते त्यांनी मला ते वाचायला शिकवलं, आणि ते एकच सांगायचे, शेवटचा कागद आधी वाचू नकोस, सर्वात जुना शोध. शेवटच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या असतात, गफलत पहिल्या कागदात असते.

आता यानंतर ‘मराठा सत्तेचा उदय’ वाचा. तो माणूस राज्याभिषेकापासून सुरुवात करतच नाही! १६७४ हा झाला शेवटचा रोखा. रानडे त्याच्या मागे जातात. जमीन कशी तयार झाली, बी कसं पेरलं, कसं उगवलं, झाड कसं फुललं, फळं कशी धरली, अशीच प्रकरणांची नावं आहेत साधारण. डोंगरी मुलूख, गावाची पंचायत, स्वतःच्या नावाने जमीन कसणारा रयत, बहामनी आणि मग निजामशाही आदिलशाहीत नोकऱ्या करून तयार झालेली मराठा घराणी, आणि या सगळ्यासोबत ज्ञानोबा नामदेवांपासून तुकोबांपर्यंतचे संत, ज्यात कुणबी शिंपी माळी सोनार कुंभार महार सगळे आले. त्यांचं म्हणणं असं की पिढ्यान्‌पिढ्या हे मुद्दल साठत होतं, शिवाजी महाराजांनी ते वसूल केलं असं नाही म्हणणार मी, पण त्यांनी त्याचं राज्य केलं. एकटा महापुरुष आकाशातून पडला असं नाही आणि लुटारूंची टोळी पण नाही. चार जिल्ह्यांत कुणब्यांचे रोखे तपासत फिरलेल्या माणसालाच हे दिसू शकतं असं माझं ठाम मत आहे. साताऱ्याच्या रेसिडेन्सीत बसून ते दिसलं नसतं.

‘शिवाजी, राज्यकारभार करणारा’ अशा अर्थाचं जे प्रकरण आहे ते तर मी दोनदा वाचलं. लढाया त्यात जवळजवळ नाहीत. अष्टप्रधान, त्यांना जहागीर न देता रोख पगार, हुद्दा बापाकडून मुलाकडे आपोआप जायचा नाही, जमीन काठीने मोजायची, पिकाचे पाच हिस्से करून तीन रयतेला दोन सरकारात. आणि किल्ल्यावर एक नाही तीन अधिकारी, हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, म्हणजे एकाच्या हातात किल्ली दुसऱ्याकडे हिशेब तिसऱ्याकडे कोठार आणि तिघेही वेगवेगळ्या जातीचे, संगनमत करून किल्ला विकायची सोयच नाही. आमच्या ऑफिसात एकाच माणसाकडे रोख, पावतीपुस्तक आणि स्टॉक रजिस्टर असायचं, त्याचं पुढे काय झालं ते सांगत नाही. पुढे पेशवाईत हे सगळं उलटं झालं, हुद्दे वंशपरंपरागत झाले, सरंजाम वाटले गेले, कारभार एका जातीच्या हातात गेला, आणि राज्य गेलं त्याची कारणं रानडे तिथे दाखवतात. आणि हे लिहिणारा स्वतः चित्पावन ब्राह्मण आहे.

त्यांचा आणखी एक लेख आहे, पेशव्यांच्या रोजनिशांवरचा. गणेश चिमणाजी वाडांनी पेशवे दफ्तरातून वेचे काढले होते, त्यावर १९०० साली त्यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला, त्याआधी एक मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर. हायकोर्टाचा जज्ज संध्याकाळी टांकसाळीत काय बट्टा घ्यायचे ते मोजत बसलाय! रोजनिशांच्या लेखात राजांच्या गोष्टी कमी आणि खालच्या गोष्टी जास्त आहेत, वेठबिगार, जकात, पंचायतीचे निवाडे, दारूबंदी. त्यात आपल्या कामाची एक गंमत आहे. वसई-चौलकडचा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतल्यावर तिथल्या कोळी-भंडाऱ्यांना दारूची थोडी मुभा ठेवली, पण ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी नोकर यांना मात्र सक्त मनाई. फिरंग्यांच्या राज्यात राहिलेल्या माणसाची सवय पेशव्यांना पण मोडता आली नाही असा मी त्याचा अर्थ काढला, माझ्या बायकोने वेगळा काढला.

हायकोर्टात ते आले १८९३ ला, आणि कुणाच्या जागी, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या. तेलंग म्हणजे गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेले, एकोणचाळिसाव्या वर्षी हायकोर्टाचे जज्ज झालेले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी गेलेले. त्यांनाही मराठ्यांच्या इतिहासाचा नाद, बखरींमधून त्या काळातले समाजाचे आणि धर्माचे व्यवहार कसे दिसतात यावर त्यांनी लिहिलेला निबंध रानड्यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी जोडलाय. एकाच खुर्चीवर एकामागून एक बसलेले दोन जज्ज एकाच पुस्तकात. त्या काळच्या मुंबईचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आज कुठलेही जज्जसाहेब निवृत्त झाले की आर्बिट्रेशन घेतात, असो, तो माझा विषय नाही.

आता दुसरी बाजू पण मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी निकाल दिला. रानड्यांनी संतांना जे श्रेय दिलं ते इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना अजिबात पटलं नाही, राजवाड्यांचं म्हणणं की वारकरी संतांनी लोकांना थंड केलं, जागं केलं ते रामदासांनी. मला स्वतःला राजवाड्यांचं हे पटत नाही पण रानड्यांनी पण गाडी जरा जोरात हाकली आहे हे कबूल. रामदास आणि दादोजी कोंडदेवांबद्दल त्यांनी जे धरून चाललंय त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी बरेच प्रश्न काढलेत. पोर्तुगीज कागद त्यांच्यासमोर नव्हतेच, ते काम पुढे आमच्या पिसुर्लेच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी केलं, पणजीच्या पुराभिलेखात आयुष्य घालवून. आणि रानडे माणूस म्हणून? विधवा विवाहाचा पुरस्कर्ता, आणि पहिली बायको गेल्यावर १८७३ साली वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून गदारोळ झाला तर शेवटी प्रायश्चित्त पण घेतलं, अनुयायांनी कपाळाला हात लावला. चौकटीत हे पण कधी येत नाही. त्याच मुलीला त्यांनी शिकवलं आणि तिने पुढे सेवासदन उभं केलं आणि मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र लिहिलं हे खरंय, पण त्याने पहिली गोष्ट पुसली जात नाही.

हे सगळं गोव्याच्या पेपरात कशाला असं कुणी विचारेल. गेली काही वर्षं आपल्याकडे महाराजांवरून काय चाललंय ते आपण छापताच. पुतळा बसवायचा का नाही बसवायचा, एक म्हणतो महाराजांचा गोव्याशी संबंधच नाही, दुसरा म्हणतो अख्खा गोवा त्यांचाच, खाली दोन हजार कमेंट, त्यात पंधराशे शिव्या आणि त्या पण एकमेकांच्या आईवरून. मी डिचोलीत राहतो. माझ्या घरापासून नार्वे स्कूटरवर थोड्याच अंतरावर. तिथे सप्तकोटेश्वराच्या देवळात दारावर शिलालेख आहे, शके १५९०, म्हणजे १६६८, शिवाजी राजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू केलं म्हणून. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलेलं, देव नदीपलीकडे आणलेला, त्याला हे देऊळ मिळालं. हा झाला अस्सल कागद, दगडातला. फोंड्याचा किल्ला त्यांनी १६७५ ला घेतला, हाही. आणि तिसवाडी बार्देश साष्टी हे तालुके पोर्तुगीजांकडेच राहिले, स्वाऱ्या झाल्या तरी, हाही पुरावाच. तिन्ही कागद एकत्र दाखल केले तर दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी केस पडते. पण तिन्ही दाखल करायची कुणाची तयारी नाही, जो तो आपल्या सोयीचा एक कागद घेऊन नाचतो. नार्वेला गेल्या आषाढात मी उभा होतो तर दोन मुलं शिलालेखासमोर सेल्फी काढत होती, मी विचारलं काय लिहिलंय वाचलं का, तर एक म्हणाला, ‘काका, उजेड बरोबर नाही हो येत.’ त्याचं खरंच होतं, पावसाचं आभाळ होतं, मलाही मोबाईलची टॉर्च लावावी लागली. मग आम्ही तिघांनी मिळून एकेक अक्षर लावत वाचला. पंधरा मिनिटं गेली. कुणी कुणाला शिवी दिली नाही.

एक विनंती आपल्याला आणि एक लायब्ररीला. आपल्याला ही की पुढच्या जानेवारीत चौकटीऐवजी रविवारच्या पुरवणीत त्या राज्यकारभाराच्या प्रकरणाबद्दल अर्धं पान द्या, जाणकाराकडून लिहून घ्या, माझ्याकडून नको. आणि जमलं तर एक ओळ अशी टाका की ज्या माणसाने आपला इतिहास इंग्रजीत लिहिला त्यानेच मुंबई युनिव्हर्सिटीत मराठीला जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं आणि ती मिळाली ती तो गेल्यानंतर, १९०१ च्या सुरुवातीलाच. आमच्याकडे मराठीवरून रोज सभा घेणाऱ्यांना ते माहीत असलेलं बरं. शाळेतल्या त्या मुलाला मी घरी बोलावलंय, रामशास्त्र्यांचं भाषण पाठच आहे त्याचं, ते तो रामशास्त्र्यांच्या नावाने म्हणणार आणि रानड्यांचं दुसरं बसवणार, बाईंची पण हरकत नाही.

लायब्ररीतल्या बाईंना मी पुस्तक ‘इतिहास’मध्ये हलवा म्हटलं, त्या म्हणाल्या नंबर बदलायचा तर वरून परवानगी लागते, अर्ज करा. अर्ज केलाय. तोवर पुस्तक माझ्याकडे आहे, मुदत एकदा वाढवून घेतली, एका दिवसाचा दंड पण भरला, सुटलेली दोन पानं खळीने चिकटवली आहेत. महिनाअखेर परत करीन. कुणाला हवं असेल तर तेव्हा मागा, कपाट ‘कायदा’, खालून दुसरी फळी.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी,
डिचोली